कंपनीचे फेंडर

एन्सिओने डावा फेंडर डोक्यावर उचलला आणि शेडच्या भिंतीवर असा आपटला, की फळीवरचे रंगाचे डबे धडाधड खाली आले. तेवढ्याने त्याचं समाधान झालं नाही. त्याने फेंडर जमिनीवर टाकला आणि बुटांनी तुडवायला सुरुवात केली. पत्रा पातळ होता. दुसऱ्या लाथेतच त्याचा पापड झाला.

वेन्ला दारात उभी राहून बघत होती. तिच्या एका हातात कॉफीचे दोन मग होते आणि दुसऱ्या हातात बशी, बशीत खरवसाच्या भाजलेल्या चिजाच्या फोडी. बाप थांबेपर्यंत ती आत आली नाही. तेविशीची झाली होती ती, पण या माणसाला राग आला की किती अंतरावर उभं राहायचं, हे तिला लहानपणापासून पाठ होतं.

"झालं?" ती म्हणाली.

"भोकं बघ त्याची! एक भोक बोल्टसमोर येत नाही. दाराकडे बोटभर फट आणि बोनेटकडे वर चढतोय. याला फेंडर म्हणायचं? हे पत्र्याचं सोंग आहे, सोंग!"

"भोक येत नसेल तर दुसरं पाडायचं, बाबा. सगळे पाडतात."

"मी नाही पाडत."

"रेसची गाडी आहे ती. लग्नाची नवरी नाही."

गाडी वेन्लाहून वयाने मोठी होती. फिनलंडमधल्या पोह्यान्माच्या या सपाट मुलखात हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते गाड्यांना खालून गुपचूप खातं. पुढच्या चाकांवरचे दोन्ही फेंडर इतके गंजले होते की बोट टोचलं तर आरपार जाई. ट्रॅकवरच्या तपासनिसाने बजावलं होतं, हे धारदार भोकांचे पत्रे बदला, नाहीतर गाडी आत घेणार नाही. म्हणून वेन्लाने बाहेरची जोडी मागवली होती. कुठल्या कारखान्यात बनली देव जाणे, तिच्यावर नाव ना खूण. आणि शेडच्या आढ्याला, मेणकागदात गुंडाळलेली, दोरीने बांधलेली, कंपनीची जोडी लटकत होती. लापुआ गावचं जुनं शोरूम बंद पडलं तेव्हा एन्सिओने ती उचलून आणली होती. कुठल्या गाडीसाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. चांगला पत्रा हाताशी असला की त्याला बरं वाटायचं, एवढंच.

त्याने मान वर करून आढ्याकडे पाहिलं.

"वर बघू नकोस," वेन्ला म्हणाली. "ते लावायचे नाहीत. का ते तुला माहीत आहे."

माहीत होतंच. ही खडीच्या ट्रॅकवरची भंगार गाड्यांची शर्यत, तिला इथे जोक्किस म्हणतात, आणि तिचा एक नियम आहे. शर्यती संपल्या की कुणीही शर्यतवाला कुठल्याही गाडीसाठी चिठ्ठी टाकू शकतो. किंमत सगळ्या गाड्यांना सारखी, आधीच ठरलेली. चिठ्ठी आली की गाडी द्यायची, असेल त्या अवस्थेत. नाही म्हणालात तर शर्यतीचं लायसन्स गेलं. त्यामुळे शहाणा माणूस या गाडीत चांगली वस्तू घालतच नाही. घातली तर दुसरा घरी घेऊन जातो. पैसेवाल्यांनी हा खेळ गिळू नये म्हणून कुणीतरी डोकं चालवून नियम केलाय, आणि चांगला केलाय.

"आणि दुसरं," वेन्ला बशी बोनेटवर ठेवत म्हणाली, "धडक बसली की बाहेरचा पत्रा फाटतो आणि उडून जातो. गाडी चालू राहते. कंपनीचा फाटत नाही, तो वाकतो. वाकून टायरवर बसला की चाक जाम. मग मी काय करू, देवाचा धावा?"

"फाटतो ना? मागच्या शर्यतीत फाटलेली पट्टी कुठे घुसली होती?"

वेन्लाचा हात नकळत कानामागे गेला. तिथली जखम अजून लाल होती. राउनोने कोपऱ्यावर तिच्या डाव्या बाजूला धडक दिली होती, गंजक्या फेंडरवर ठोकलेला बाहेरचा तुकडा फाटला होता आणि त्याची पट्टी खिडकीच्या जाळीतून आत येऊन तिला चिरून गेली होती. दोन बोटं पुढे सरकली असती तर गळा होता. हे आठवलं की एन्सिओच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तो रोज आठवायचा.

"राउनो पुन्हा येणार आहे रविवारी," तो म्हणाला.

"येऊ दे."

"तो मुद्दाम मारतो. मला चिडवायला तुला मारतो तो."

"माहितीये मला. आणि तू चिडणार नाहीयेस." तिने कॉफीचा मग त्याच्या हातात दिला. "नियम काय आहे?"

एन्सिओने कॉफीवर फुंकर मारली.

"म्हण."

"आपल्यापैकी कुणीही कुणावर हात उचलला, तर त्याच दिवशी घर वेगळं."

"कुणीही. तुलाही आणि मलाही. शहाणा माझा बाबा." तिने चिजाची फोड त्याच्या कॉफीत टाकली आणि हसली. हसताना तिचा वरचा पुढचा दात दिसायचा, बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच पांढरा. तो दिसला की एन्सिओ दुसरीकडे बघायचा.

त्या दाताची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. राउनो आणि एन्सिओ एके काळी भागीदार होते. दोघांचं एकच गॅरेज, वाफेच्या अंघोळीला एकच सॉना, ख्रिसमसला एकच हॅम. वेन्ला राउनोला काका म्हणायची, अजूनही म्हणते. मग एक दिवस एन्सिओला कळलं की राउनो गिऱ्हाइकांच्या गाड्यांना बाहेरचे पत्रे ठोकतोय आणि वर कंपनीचं लेबल चिकटवतोय. एन्सिओच्या नावावर, एन्सिओच्या पुट्टीखाली. दुसरा माणूस भांडला असता, भागी मोडली असती. एन्सिओने पत्रा ठोकायचा हातोडा उचलला. त्याने राउनोचा जबडा मोडला, एक बरगडी मोडली, आणि चौदा वर्षांची वेन्ला किंचाळत मध्ये पडली तेव्हा न बघताच मागे कोपर मारलं. दात जमिनीवर पडला. एन्सिओ तुरुंगात गेला, बायको पोरीला घेऊन वासा शहरात गेली, आणि गॅरेज राउनोचं झालं. वेन्ला या वसंतात परत आली होती, आपण होऊन, मांसाच्या कारखान्यात नोकरी धरून. येतानाच तिने नियम घालून दिला होता. एन्सिओने तो डोळ्यात तेल घालून पाळला होता. शेडमधले पत्रे मात्र मार खात होते, पण पत्र्यांचं नियमात काही नव्हतं.

"आता हा तुडवलेला ठोकून सरळ कर," निघताना वेन्ला म्हणाली, "आणि लाव. परवा शर्यत आहे. बाहेरचा म्हणून नाक मुरडू नकोस. माझा दातपण बाहेरचाच आहे, चावतो की व्यवस्थित."

"लावतो," एन्सिओ म्हणाला.

ती कामावर गेली आणि त्याने खरोखरच फेंडर ऐरणीवर घेतला. तासभर ठोकला. पत्रा सरळ व्हायचा आणि हात काढला की पुन्हा फुगायचा. ठोकता ठोकता त्याला पोरीच्या कानामागची जखम दिसत होती, मग राउनोचं तोंड दिसायला लागलं, आणि मग तो ठोकत नव्हता, मारत होता. पत्रा मधोमध चिरला. एन्सिओने हातोडा फेकला, शिडी लावली आणि आढ्याची दोरी कापली.

मेणकागद निघाला. काळा, गुळगुळीत, जड पत्रा. त्याने तो गाडीला लावून पाहिला आणि सगळी भोकं बोल्टांसमोर आली. दाराशी फट अशी, की नखाने मोजावी. एन्सिओच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे बघा. पोरगी नियमांचं सांगते, तो स्वतःशी म्हणाला, पण आत पोरगी बसते, नियम बसत नाही. ओशाळून त्याने हेही कबूल केलं की नुसतं पोरीसाठी नाही. राउनोच्या समोर बाहेरचा पत्रा लावून जाणं त्याला मरणाहून वाईट वाटत होतं.

शनिवारी संध्याकाळी वेन्ला शेडमध्ये आली. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि एक शब्द बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती कोठारात गेली, भिंतींना लावायच्या लाल मातीच्या रंगाची बादली आणि झाडूएवढा ब्रश घेऊन आली, आणि त्या नव्याकोऱ्या फेंडरांवर तिने फराटे ओढायला सुरुवात केली. वर मूठभर खडी फेकली, चिकटावी म्हणून.

"अगं काय करतेस!"

"लपवतेय. दुसरे लावायला वेळ ठेवलास का तू? कुणाला कळलं तर उद्या गाडी जाईल." ब्रश फटाफट चालत होता. "पोलादी डोकं आहे तुझं. त्याचाच फेंडर बनवायला हवा होता."

एन्सिओ प्रत्येक फटक्याला डोळे मिटत होता.

रविवारी ट्रॅकवर सॉसेज भाजल्याचा आणि जळक्या तेलाचा वास होता. कापलेल्या ओटच्या शेतांच्या मधोमध खडीचं वेटोळं, भोवती मातीचे बांध, बांधावर घडीच्या खुर्च्या टाकून बसलेला अख्खा गाव. राउनो आपल्या गाडीला टेकून मोहरी लावलेलं सॉसेज खात होता. जबडा मोडल्यापासून तो एकाच बाजूने चावायचा.

तो वेन्लाच्या गाडीपाशी आला, तपासनीस येतो तसा वाकला आणि उजव्या फेंडरवर बोटाच्या पेराने टकटक केली. पुन्हा केली. मग त्याचं तोंड हळूहळू फाकलं. पत्र्यात आयुष्य घालवलेल्या माणसापासून रंगाखाली काय लपणार होतं?

"काय रे एन्सिओ," तो म्हणाला, "भंगाराला सोन्याचे दात?"

"हात काढ."

"नाहीतर? हातोडा आणू?" राउनोने मोहरीचा हात फेंडरला पुसला. "अरे, मार की! सगळा गाव वाट बघतोय. तुरुंगात तुझी खोली अजून मोकळी असेल."

एन्सिओने दोन्ही हात खिशात घातले. हात शिवशिवत होते. खिशाच्या आत त्याने मुठी अशा वळल्या की नखं तळव्यात रुतली. पलीकडे वेन्ला हेल्मेट घालत होती आणि त्याच्याकडे बघत होती.

"गाडी छान आहे, काका," ती राउनोला म्हणाली. "मागून बघायला मिळेल तुम्हाला."

पहिल्या दोन शर्यती तिने तसंच केलं. तिचं चालवणं एन्सिओला बघवायचं नाही आणि बघितल्याशिवाय राहवायचं नाही. गाड्या एकमेकींना घासत, ढकलत, खडीचे फवारे उडवत जायच्या. एक गाडी बांधावर चढून उलटली, दुसरीचं मागचं दार निखळून ट्रॅकवर पडलं आणि तिसरी त्याच्यावरून गेली. मार्केत्ता नावाची बाई लाकडी खोपटातून लाउडस्पीकरवर नावं पुकारत होती, घरात पोरांना जेवायला बोलावतात त्या आवाजात.

शेवटच्या शर्यतीत वेन्ला आणि राउनो शेजारी शेजारी उभे होते. हिरवा दिवा लागला आणि राउनोने पहिल्याच कोपऱ्यावर तिच्या मागे नाक खुपसलं. तिने त्याला बाहेर रेटलं. तो परत आला. दुसऱ्या फेरीत त्याने तिच्या दाराला रगडलं, तिसऱ्या फेरीत तिने त्याचा आरसा उडवला. लोक उभे राहिले. एन्सिओ कुंपणाच्या तारेला धरून ओरडत होता, काय ओरडत होता ते त्यालाही कळत नव्हतं.

मग तोच कोपरा आला, मागच्या वेळचा. राउनोने वळायला हवं होतं तिथे तो वळला नाही. तो सरळ आला आणि त्याच्या गाडीचं तोंड वेन्लाच्या डाव्या फेंडरमध्ये घुसलं.

कंपनीचा पत्रा फाटला नाही. एन्सिओने म्हटलं होतं तसा तो टिकला, आणि वेन्लाने म्हटलं होतं तसा तो वाकला. जड पत्रा आत दुमडला, टायरवर बसला आणि चाकाला धरून राहिला. गाडी डाव्या चाकावर जागीच फिरली, आडवी झाली, बांधाला लागली आणि उडाली. एकदा छतावर आपटली, पुन्हा उडाली, कुशीवर आपटली आणि परत छतावर येऊन थांबली. चाकं वर फिरत राहिली. पुढचं डावं फिरत नव्हतं.

एन्सिओ तार ओलांडून धावला तेव्हा लाल झेंडे अजून वर जायचे होते. एक गाडी त्याला चुकवताना बांधात घुसली. तो मातीत पालथा पडला, खिडकीच्या जाळीला दोन्ही हातांनी धरून त्याने ती उपटून काढली.

"वेन्ला! वेन्ला, बोल!"

ती पट्ट्यांत उलटी लटकत होती. हेल्मेटच्या आतून खोकल्याचा आवाज आला. "सांगितलं होतं ना," ती म्हणाली, "वाकतो म्हणून."

एन्सिओ तिथेच मातीत डोकं टेकवून रडला. तिला मारणारा राउनो होता, पण चाक ज्याने धरून ठेवलं तो फेंडर त्याच्या हातांनी, मापात, एकेक बोल्ट आवळून बसवलेला होता.

रुग्णवाहिकेच्या माणसांनी वेन्लाला तपासलं, खांद्याला मुका मार, बाकी ठीक. ट्रॅक्टरने गाडी चाकांवर उभी करून कुंपणाबाहेर आणून ठेवली. छत बसलं होतं, डावी बाजू चेपली होती. उजवा फेंडर मात्र लाल रंगाखाली जसाच्या तसा होता. राउनोला काळा झेंडा दाखवून त्या शर्यतीतून बाद केलं होतं. तो म्हणाला, ब्रेक धरला नाही. असं म्हणणाऱ्याचं कुणी काही करू शकत नाही.

मग लाउडस्पीकर पुन्हा बोलायला लागला. मार्केत्ता चिठ्ठ्या वाचत होती. "वेन्लाची गाडी. एक चिठ्ठी. घेणार राउनो." क्षणभर थांबून ती म्हणाली, "काय माणूस आहेस रे." लाउडस्पीकर चालूच होता.

राउनो कागद फडकवत आला. मागे त्याला बघायला वीस-पंचवीस माणसं आली.

"सीट आणि पट्टे तेवढे काढून घ्या," तो म्हणाला. "बाकी माझं. तो उजवा फेंडर मी गॅरेजच्या दारावर लावणार आहे. खाली लिहीन, एन्सिओ मास्तरांच्या हातचा."

"घेऊन जा," एन्सिओ म्हणाला. त्याचे हात पुन्हा खिशात गेले होते.

राउनोला हे नको होतं. नऊ वर्षं तो एका बाजूने चावत होता आणि त्याला फेंडर नको होता, त्याला एन्सिओचा हात उठलेला हवा होता, साक्षीदारांसमोर. तो जवळ आला आणि त्याने एन्सिओच्या गालावर थोपटलं, पोराच्या गालावर थोपटतात तसं.

"काय झालं रे? पोरीने नांगी काढली?"

एन्सिओ हलला नाही.

दुसरी थाप जरा जोरात होती. तिसरीचा आवाज झाला. "पोरगी उलटी लटकली होती रे तुझी. तरी काही नाही?" चौथी थप्पड सणसणीत बसली, एन्सिओची टोपी पडली. बघणाऱ्यांपैकी कुणीतरी "पुरे, राउनो" म्हणालं, पण पुढे कुणी आलं नाही. एन्सिओने वेन्लाकडे पाहिलं. मी नियम पाळतोय, त्याची नजर म्हणत होती, बघ, मी पाळतोय. त्याच्या पन्नाशी ओलांडलेल्या तोंडावर पाच बोटं उमटली होती आणि तो शाळेतल्या पोरासारखा उभा होता.

वेन्ला सीटचे बोल्ट काढत होती. ती गाडीतून बाहेर आली तेव्हा तिच्या हातात व्हीलपाना होता.

राउनोने पाचव्यांदा हात उचलला आणि तो खाली आलाच नाही. पाना त्याच्या जबड्यावर बसला, त्याच जबड्यावर, आणि जो आवाज झाला तो एन्सिओने एकदा पूर्वी ऐकला होता. राउनो गुडघ्यावर बसला. दुसरा फटका खांद्यावर, तिसरा वर धरलेल्या हातावर. वेन्लाच्या तोंडातून शब्द निघत नव्हते, नुसता घशातून आवाज निघत होता. मातीवर रक्त सांडलं आणि माणसं मागे सरली.

एन्सिओने खिशातून हात काढले. त्याने तिला मागून मिठी मारली. "वेन्ला! बस! बस, पोरी!"

तिने न बघता मागे कोपर मारलं.

तोंडात काहीतरी कडकन मोडलं. एन्सिओने मिठी सोडली नाही. तिच्या अंगातला जोर त्याला छातीशी कळत होता आणि तो जोर त्याच्या ओळखीचा होता, त्याचाच होता तो, एकेक झटका. तोंडातून रक्त तिच्या खांद्यावर गळत होतं. हळूहळू तिचा हात सैल पडला आणि पाना खाली पडला.

तिने वळून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग खाली, मातीत पडलेल्या दाताकडे.

पोलीस यायला बराच वेळ लागला. तोवर रुग्णवाहिका राउनोला घेऊन गेली होती. पोलिसाने विचारलं, कुणी मारलं, तेव्हा एन्सिओ रुमाल तोंडाशी धरून पुढे झाला. "मी."

"खोटं बोलतोय तो," वेन्ला म्हणाली. "मी मारलं. हे माझं आहे, बाबा. याला हात लावू नकोस."

तिने गाडीच्या कागदावर सही केली आणि पोलिसांच्या गाडीत जाऊन बसली. एन्सिओने एकट्याने सीट काढली. मग चिंधीवर थिनर ओतून त्याने उजव्या फेंडरवरचा लाल रंग सगळा पुसून काढला, काळा पत्रा चकचकेपर्यंत, आणि गाडी दोरखंडाने ओढून राउनोच्या ट्रेलरवर चढवली. चिठ्ठी आली की गाडी द्यायची. त्यात राउनो कसा आहे हे बघायचं नसतं.

वेन्लाला दुसऱ्या दिवशी सकाळी सोडलं. पुढे कोर्ट होतं, लायसन्स गेलं होतं. ती घरी आली, ओसरीवर बूट काढले आणि सरळ वर गेली. एन्सिओ खाली कॉफी करून बसला. जिन्यावरून बॅग उतरवल्याचा आवाज आला तेव्हा त्याला समजलं.

"हात मी नाही उचलला," तो म्हणाला. सुजलेल्या ओठांतून शब्द नीट येत नव्हते. "एवढं करूनही नाही उचलला. तू बघितलंस."

"बघितलं." ती त्याच्यासमोर बसली. तिचे डोळे सुजले होते. "तू पाळलास. मी मोडला. तुझे हात मी बांधले होते, बाबा, आणि बांधलेल्या माणसाला तो मारत होता, ते मला बघवलं नाही. पण मला थांबता येत नव्हतं, कळतंय तुला? तू मिठी मारलीस ते कोण आहे तेसुद्धा मला कळलं नाही."

"कळतंय," एन्सिओ म्हणाला. त्याच्याइतकं ते कुणालाच कळलं नसतं.

"नियम माझाच होता. मी आईकडे जाते. एका घरात आपण दोघं नकोत, निदान इतक्यात तरी नकोत."

राहा, असं त्याला म्हणायचं होतं. पाय धरायचीही त्याची तयारी होती. पण त्याने जिभेने पुढची मोकळी जागा चाचपली आणि तिथे इतकी कळ आली की डोळ्यांतून पाणी निघालं. रात्रभर ती जागा दुखतच होती. नऊ वर्षं त्याने तिच्या पांढऱ्या दाताकडे बघायचं टाळलं होतं, माफीसुद्धा मागितली होती, तुरुंगातून पत्रात. पण एक गोष्ट त्याने कधीच केली नव्हती.

"वेन्ला," तो म्हणाला, "तुझंही असंच दुखलं होतं का?"

तिने त्याच्या सुजलेल्या ओठाकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "खूप. आणि तू कधी विचारलंच नाहीस."

एन्सिओने मान खाली घातली. टेबलावर थेंब पडले आणि त्याने ते बाहीने पुसले. मग तो उठला, तिची बॅग उचलली आणि व्हॅनमध्ये नेऊन ठेवली. शेडच्या दारात तो चिरलेला बाहेरचा फेंडर पडला होता. त्याने तो उचलून भिंतीशी उभा केला, हळूच.

वासापर्यंत त्याने तिला व्हॅनने नेलं. रस्त्याच्या दोन्हीकडे कापलेली शेतं होती. आईच्या इमारतीपाशी व्हॅन थांबली तेव्हा वेन्लाने दार उघडलं, एक पाय खाली ठेवला आणि पुन्हा आत वळली.

"तोंड उघड," ती म्हणाली.

त्याने उघडलं. तिने हनुवटी धरून, पत्र्यातली फट बघावी तसं बारकाईने पाहिलं.

"गुरुवारी ये इथे. माझ्या दातांच्या डॉक्टरांकडे जाऊ. बाहेरचाच बसवतात, पण मापात बसवतात."

"येतो," एन्सिओ म्हणाला.

तिने बॅग घेतली आणि ती गेली. तो तिथेच व्हॅनमध्ये बसून राहिला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, जिन्यातला दिवा विझेपर्यंत.